पाच फेरे आणि वर थोडं

गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा लोंबत असतो, तो तुम्ही पाहिला असेल. गाडी पुढे निघून गेली की मागून तोच दिसतो, ग्रीस आणि धुळीनं माखलेला. त्या गोळ्याच्या पोटात एक मोठं दातेरी चक्र असतं आणि त्याला फिरवणारं एक लहान. आम्ही ड्रायव्हर लोक त्याला क्राऊन-पिनियनचा जोड म्हणतो. इंजिनाकडून येणारा लांब शाफ्ट लहान चक्राला फिरवतो, लहान चक्र मोठ्याला, आणि मोठं चाकांना. चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे जितके जास्त फेरे, तितकी गाडी ओढायला दमदार आणि पळायला मंद. फेरे कमी असले तर गाडी सडकेवर पळते, पण चढावर रडते. एवढं समजलं की पुढचं सगळं समजतं. त्या जोडापायी माझी नोकरी गेली. होती ती नव्हे. ती गेली असती तर मी गावात साखर वाटली असती. मिळणार होती ती गेली.

तेव्हा चंद्रपूरपासून तुटून गडचिरोली वेगळा जिल्हा झाल्याला थोडीच वर्षं झाली होती. ऑफिसांच्या पाट्या नव्या होत्या, रस्ते जुनेच होते. मुलचेऱ्याच्या अलीकडच्या एका गावात मी एका ठेकेदाराची पिकअप चालवायचो. जीपचं तोंड आणि मागे लाकडी फळ्यांचा हौदा. धान, मोहफुलं, तेंदूपत्ता, बाजाराचं सामान, आणि अडीअडचणीला एखादी अडलेली बाळंतीण, सगळं त्याच हौद्यातून जायचं. राहायला ठेकेदाराच्याच वखारीमागची एक खोली दिली होती. बायको त्याच्या अंगणात धान पाखडायची. म्हणजे आमच्या घरातली दोन्ही माणसं, चूल आणि वरचं छप्पर, सगळं एकाच माणसाच्या हातात.

माणूस मोठा गोड. इतक्या वर्षांत त्यानं मला एकदाही शिवी दिली नाही, आणि मी सांगतो, शिवी देणारा मालक परवडला. शिवी दिली की त्याचा राग निघून जातो. हा हसायचा. मजुराची खाडं धरतानाही असा हसायचा, की मजूरच ओशाळून मान खाली घालायचा. गाडीत माझ्या मांडीला मांडी लावून बसायचा, गाडी नाल्यात उतरली की माझा खांदा घट्ट धरायचा. घरी मात्र आम्ही बौद्ध, म्हणून त्याच्या माठाला हात लावायची सोय नव्हती. माझ्या हातात त्याचा जीव चालायचा, पाणी चालायचं नाही. असो. गावाची रीतच ती होती, त्यात तो काही वेगळा नव्हता.

दुसरी एक रीत आम्हा ड्रायव्हरांची. माणूस कामाला लागला की त्याचं लायसन्स मालकाच्या कपाटात जायचं. पोलिसांनी अडवलं तर मालकाचं नाव सांगायचं, तेवढ्यानं भागायचं. लायसन्स कपाटात असलं की ड्रायव्हर दुसरीकडे जात नाही. दावणीला बांधलेलं जनावर आणि आमच्यात फरक एवढाच, की दावं आम्ही स्वतः नेऊन द्यायचो आणि वर हात जोडायचो.

अशात मला सरकारी बसच्या ड्रायव्हरकीचं बोलावणं आलं. लाल गाडी! आधीचे अर्ज कुठं जिरले कोण जाणे, हा मात्र पोचला. गडचिरोलीच्या डेपोत अमुक दिवशी दुपारी चारच्या आत हजर व्हायचं, लायसन्स दाखवायचं, मग मैदानात गाडी चालवून दाखवायची. लायसन्स नसेल तर फाटकाच्या आत पाय नाही. नोकरीला वयाची अट होती आणि माझं वय त्या अटीच्या काठावर येऊन उभं होतं. या खेपेला राहिलं तर कायमचं राहिलं, हे मला ठाऊक होतं, बायकोला ठाऊक होतं, आणि मी मूर्खासारखा जाऊन मालकालाही सांगितलं.

मालकानं पाठ थोपटली. "अरे वा! आमचा ड्रायव्हर सरकारी झाला म्हना की!" आतून चहा मागवला. मी लायसन्स मागितलं तर म्हणाला, "देतो ना बापा. जाशीन त्या दिवशी सकाळी घेऊन जाजो. कपाटात पडून हाय, कुठी पळून नाई चाललं." मी खूश. चहा पिऊन, कप स्वतः विसळून, शीळ घालत घरी आलो. आज ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते.

दुसऱ्याच दिवशी धानाची खेप होती. मालक स्वतः वखारीत उभा राहून पोती चढवून घेत होता. नेहमीचा माल भरून झाला, तरी "टाका अजून, टाका" चालूच. मी म्हणालो, "मालक, जास्त होऊन राह्यलं." तो म्हणाला, "सरकारी व्हायच्या आधी आमचं थोडं काम करून दे." हमाल हसले. मीही हसलो.

गावाबाहेर एक नाला आहे, त्याचा पलीकडचा काठ उभा चढतो. एरवी पहिल्या गिअरमध्ये गाडी कुरकुरत का होईना, चढून जायची. त्या दिवशी अर्ध्यात जाऊन थांबली. क्लचचा जळका वास सुटला. हमालांनी मागून जोर लावला, चाकांखाली दगड घातले, अर्धी पोती उतरवली, तेव्हा कुठे गाडी वर आली. मालक तोवर एका पळसाखाली उभा होता. मग सावकाश गाडीमागे आला, हातातल्या काठीनं त्या लोखंडी गोळ्यावर ठक्कन मारलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "हिच्यात दम नाई राह्यला. मागचा जोड कोनीतरी बदलला."

हमालांनी माझ्याकडे पाहिलं. बदलला म्हणजे विकला, हे कुणाला सांगायला लागत नव्हतं. असले धंदे ड्रायव्हर लोक करायचे. खोटं कशाला बोलू, करणारे दोघंतिघं माझ्या ओळखीचे होते. मालकाच्या गाडीतला असली जोड काढायचा, चंद्रपूरला गिऱ्हाईक गाठायचं आणि भंगारातला कुठला तरी कमी दमाचा जोड आत घालून गोळा बंद करायचा. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून तर हा आळ असा वाईट. नाही विकला, हे दाखवायचं कसं?

"मालक, पोती जास्त होती म्हनून गाडी थांबली," मी म्हणालो.

"पोती तं दरसालच असतेत."

"मी कायले विकीन? मी चाललो चार दिवसांनी!"

"तेच ना," मालक हसून म्हणाला. "जानारा मानूसच विकते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण तो आवाज चढवेल तर शपथ. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "मी नाई म्हनत तू चोर हाय. पंच पाह्यतीन. पंचाईनं मोकळं केलं, की लायसन्स घे अन् जा. नाईतर जोड परत येईपर्यंत माह्याचकडे गाडी चालव." पंच कधी बसणार, तर बाजाराच्या दिवशी, तेव्हाच लोक जमतात. बाजाराचा दिवस आणि डेपोतल्या बोलावण्याचा दिवस एकच होता. तेही मी सांगितलं. "मंग?" तो म्हणाला. "सकाळी लवकर सुरू करू. घडीभराचं काम. अकराच्या बसनं आरामात जाशीन."

घरी येईपर्यंत बातमी माझ्याआधी पोचली होती. बायको चुलीसमोर बसली होती, तव्यावरची भाकरी करपत होती आणि तिचं लक्ष नव्हतं. मी पाटावर बसलो, तिनं ताट दिलं नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "खरं सांगा. विकला असन तं सांगून टाका. मी मालकीनबाईच्या पाया पडतो, ते मालकाले सांगतीन. आपन मोकळे होऊ."

गावानं चोर म्हटलं, ते मी गिळलं. हे गिळवलं नाही. रोज माझ्या कपड्यांचं ग्रीस सोड्यानं घासून काढणारी बाई, माझ्या खिशात काय असतं आणि काय नसतं हे माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत. तिला शंका यावी? मी म्हणालो, "तू पन?" ती रडायला लागली. म्हणाली, डेपोच्या गावाला जायचं म्हणून शेजारणीला गाडगी-मडकी देऊन बसले, आता तोंड कसं दाखवू. म्हणजे तिला माझी नाही, गाडग्यांची पडली होती. बाजाराच्या दिवसापर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळीच मी पिकअप घेऊन बाजारातल्या वडाखाली जाऊन उभा राहिलो. अंगात धुतलेला पांढरा सदरा, डेपोत जायचं म्हणून. मालक "लवकर" म्हणाला होता, पण त्याची आंघोळ झाली, पूजा झाली, चहा झाला, मग बाजार भरला. मुलचेऱ्याकडच्या वस्त्यांतल्या बंगाली बाया मासे घेऊन बसल्या, मिरचीवाले आले, बांगड्यावाला आला. चांगले लोक जमल्यावर मालकानं खुर्ची आणवली. मला चव्हाट्यावरच उभं करायचं होतं त्याला, आणि ते त्यानं छान साधलं.

पंचांत मुख्य होता म्हातारा गावपाटील, गोंड समाजातला, बोलायला फार कमी. आमच्याकडची पद्धत अशी, की ज्याच्यावर आळ आला त्यानं आपल्याच हातानं परीक्षा द्यायची. मागाहून कुणी म्हणायला नको की दुसऱ्यानं लबाडी केली. म्हणून चाक मीच फिरवायचं ठरलं. मोजायला बोलावला फळीवरचा मुन्शी. फळी म्हणजे तेंदूपत्ता गोळा करायची जागा; तिथं हा बायकापोरांनी आणलेले पुडे मोजून घ्यायचा आणि शंभराच्या वर चार-पाच पुडे फुकटात चापायचा. आयुष्यभर जास्त मोजून घेणारा माणूस माझ्या नशिबी मोजायला आला. आणि गाडी उचलायला गावचा मिस्त्री. पंपाच्या इंजिनापासून सायकलपर्यंत सगळं तोच दुरुस्त करायचा. त्याच्याकडे जॅक एकच.

"या गाडीले पाच फेरे अन् वर थोडं पाह्यजे," मिस्त्रीनं पंचांना सांगितलं. "चाक एकडाव फिरलं, की शाफ्ट पाच वेळा फिरून थोडा पुढं जाते. तेवढे भरले तं जोड असली. कमी भरले तं बदलला." मालकानं ते दोनदा म्हणवून घेतलं. सगळ्या बाजारानं ऐकलं.

हॅन्डब्रेक ओढलेला असला तर शाफ्ट फिरत नाही, म्हणून तो सोडला, गिअर काढला, आणि गाडी घरंगळू नये म्हणून बाकीच्या चाकांना मोठाले दगड लावले. मग जॅक लावून मागचं उजवं चाक वर घेतलं. डावं जमिनीवरच, दगडाला टेकून. चाकावर खडूची रेघ, शाफ्टवर खडूची रेघ. मुन्शी पोतं अंथरून गाडीखाली उताणा झोपला. मी पांढऱ्या सदऱ्यात धुळीत गुडघे टेकले आणि टायरला हात घातला.

"फिरव!" मालक म्हणाला.

मी फिरवलं. मुन्शी खालून सूर लावून ओरडला, तेंदूपत्त्याचे पुडे मोजताना ओरडायचा तसाच, "एऽक... दोऽन..." चाकावरची रेघ पुन्हा खाली आली तेव्हा तिसरा फेरा पुरताही झाला नव्हता.

मला वाटलं माझ्या मोजण्यात चूक झाली. पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. दोन आणि वर काहीतरी. तिसऱ्यांदा फिरवलं, कारण आता मलाच कळेना. विकला मी नव्हता, हे तर खरं. मग पाच फेरे गेले कुठं? क्षणभर असंही वाटून गेलं, की बायको म्हणते तसं मीच विकला असेल आणि दारूबिरूत विसरलो असेन. मी दारू पीत नाही, तरी वाटलं. माणसाला पुरतं घेरलं की तो स्वतःविरुद्धसुद्धा साक्ष द्यायला लागतो.

"अर्धाच उरला बे!" मिरचीवाला ओरडला. "अर्धा खाऊन टाकला भैताडानं!" लोक हसले. कुणीतरी म्हणालं, पोट दाबून पाहा त्याचं, चक्राचे दाते टोचतील. बांगड्यावाल्याच्या पलीकडे माझी बायको उभी होती. ती हसली नाही. तिनं पदर तोंडात धरला आणि वळून चालायला लागली, बाजारातून, घराकडे. तिची पाठ मी पाहिली. त्या पाठीनं मला जे म्हटलं ते मिरचीवाल्याला जमलं नसतं.

मालक खुर्चीतून उठला नाही. समजूतदारपणे बोलला, "जाऊ द्या, लोकहो. मानूस हाय, चुकते. मी पोलिसात नाई देत. राहू द्या माह्याचजवळ." बाया म्हणाल्या, देवमाणूस हो, देवमाणूस!

आणि तेवढ्यात अकराची बस आली. लाल, धुळीनं माखलेली, टपावर कोंबड्यांच्या टोपल्या. वडापाशी थांबली. तिचा ड्रायव्हर खिडकीतून मान काढून काय तमाशा आहे ते पाहू लागला. त्याच्या अंगात खाकी, माझ्या गुडघ्यांना शेण-माती. तोही हसत होता. कसं होईल आता माझं! वाटलं ओरडावं, थांबव बाबा, मला घेऊन चल, मी काही केलं नाही.

ओरडलो मी खरा, पण भलतंच ओरडलो. समोर मालकाच्या अंगणात त्याची दुसरी पिकअप उभी होती. अगदी याच जातीची, दिवाळीत शोरूममधून आणलेली, तोंडावर अजून सुकलेला हार. ती मालकाचा साळा चालवायचा; मला तिच्या दारालाही हात लावू देत नसत. मी उठून तिच्याकडे बोट केलं. "तिचे फेरे मोजा! तिचा जोड तं मी नाई ना विकला? मोजा तिचे!"

"तिचा काय संबंध?" मालकाचा आवाज पहिल्यांदा जरा चढला. "नव्या गाडीले हात नाई लावाचा."

"काऊन? भ्या वाटते का?"

"तोंड सांभाळ."

गावपाटील इतका वेळ चिलमीशी खेळत बसला होता. त्यानं मालकाकडे न पाहताच म्हटलं, "तो म्हनते तं मोजून टाका. मोजल्यानं गाडी झिजत नाई."

पाटलाचा शब्द मालकालाही मोडवला नाही. आम्ही जॅक घेऊन अंगणात गेलो तेव्हा बसनं मागे हॉर्न वाजवला. एकदा, दोनदा. मग गिअर पडल्याचा आवाज आला. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हातातला जॅक कुणाच्या तरी डोक्यात घातला असता.

नव्या गाडीचं उजवं चाक वर. डावं जमिनीवर. दगड, खडू, रेघ. मुन्शी पुन्हा उताणा. मी चाक फिरवलं.

"एऽक... दोऽन..." आणि मुन्शी गप्प झाला.

"किती?" पाटलानं विचारलं.

"हेपन तेवढंच हाय," मुन्शी गाडीखालून बारीक आवाजात म्हणाला.

मासेवाल्या बायांतली एक बंगाली म्हातारी खदखदून हसायला लागली, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिच्यामागे सगळा बाजार. "शोरूमवाल्यानंच खाल्ला का हो अर्धा?" आता मिरचीवाला मालकाकडे पाहून ओरडत होता. लोकांचं काय, त्यांना हसायला कुणीही चालतं. मघाशी मी, आता तो.

मिस्त्रीनं कपाळावर हात मारून घेतला. "अरे बापा! एक चाक खाली हाय ना!" मग त्यानं पंचांना समजावलं. दोन्ही चाकं अधांतरी असतील आणि बरोबर फिरतील तरच फेरे पुरे मिळतात. एक चाक जमिनीला अडकलं असेल तर आतली चक्रं ती फिरकी दोघांत वाटून टाकतात आणि शाफ्ट अर्धाच फिरतो. त्याच्याकडे जॅक एक, गाडी घरंगळायची भीती, म्हणून त्यानं एकच चाक उचललं आणि हिशेब मात्र दोन्ही चाकांचा सांगितला. एवढीशी गोष्ट. याच्यापायी माझी बायको बाजारातून पाठ फिरवून गेली होती.

आता सागाचे ओंडके आणले. जुन्या गाडीची मागची बाजू त्यांच्यावर ठेवली, दोन्ही चाकं हवेत. दोन्ही एकाच वेळी, एकाच दिशेनं फिरवायला दोन माणसं लागणार. एका बाजूला मी होतोच. दुसऱ्या बाजूला मिस्त्री बसायला लागला, तर पाटील म्हणाला, "तू नाई. ज्यानं आळ घेतला त्याले बसव."

मालक धोतर सावरत धुळीत बसला. गाडीच्या त्या बाजूला तो, या बाजूला मी, मधे उताणा मुन्शी. त्याचे गोरे हात टायरच्या काळ्यात बुडाले. पाटील म्हणाला, फिरवा, आणि आम्ही दोघांनी सावकाश, बरोबरीनं चाक फिरवलं. "एऽक... दोऽन... तीऽन... चाऽर... पाऽच..." आणि वर थोडं. पुन्हा केलं, पुन्हा पाच आणि वर थोडं. लोकांनी टाळ्या पिटल्या. पाटील उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "याच्यात दोष नाई. याले सोडा." झालं. एवढाच निकाल.

मी रडलो, हे सांगायला लाज कसली? टायरला कपाळ टेकवून रडलो. वर पाहिलं तर मालक समोर उभा, सगळ्यांत मोठ्यानं हसत. "वा रे वा! सोन्यावानी मानूस निघाला माहा ड्रायव्हर!" तिथंच त्यानं साळ्याला घरात पाठवलं, लायसन्स आणवलं आणि सगळ्यांसमोर माझ्या सदऱ्याच्या खिशात घातलं.

"मालक, बस गेली," मी म्हणालो.

"बसचं काय घेऊन बसला? गाडी हाय ना आपली. चाल, मीच सोडतो तुले गडचिरोलीले. चारच्या आत पोचू."

माझा विश्वास बसेना. मग बसला. खरंच सांगतो, त्या क्षणी मी त्याला मनातल्या मनात माफ करून टाकलं. वाटलं, माणूस चुकला, ओशाळला, आता भरून काढतो आहे. रिकामी गाडी कशाला न्यायची म्हणून त्यानं हमालांना पोती चढवायला सांगितलं, तेव्हाही मी काही बोललो नाही. हमालांचे हात चालेनात म्हणून मीच चार पोती पाठीवर घेतली. सदऱ्याचं पोतेरं झालं होतं. होऊ दे म्हटलं, मैदानात सदरा कोण पाहतो, हात पाहतात.

निघालो. नाल्याचा तोच चढ गाडीनं गपगुमान ओढला, कारण पोती या वेळी बेताची होती. मालक बडीशेप चघळत गप्पा मारत होता, पाटील कसा म्हातारचळला आहे, मिस्त्री कसा बिनडोक आहे. मी हूं हूं करत होतो आणि मनात मैदानातली परीक्षा देत होतो: रिव्हर्स, आठाचा आकडा, चढावर थांबवून मागे न येऊ देता पुढे काढणं. वेळ होता. घट्ट होता, पण होता.

आष्टीला रस्ता फुटतो. एक चामोर्शीवरून गडचिरोलीला जातो, दुसरा गोंडपिपरीकडे. मी गडचिरोलीच्या बाजूला वळायला लागलो, तर त्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"गोंडपिपरीले घे. धान तिथी उतरवाचं हाय."

मी ब्रेक दाबला. गाडी फाट्यावर मधोमध उभी राहिली. "मालक, गडचिरोली म्हनले होते ना?"

"लोकाईच्या समोर म्हनलो. तिथी काय वाईट दिसाचं?"

"माहं वय संपून राह्यलं, मालक. परत बोलावनार नाई मले."

"माहीत हाय मले."

मी विचारलं, "तुमाले खरंच वाटलं होतं का, मी विकला म्हनून?"

तो माझ्याकडे वळला. हसला, आणि या वेळी त्या हसण्यात खोटं काही नव्हतं. खरोखर माया होती हो, हेच तर वाईट. "नाई रे. पयल्या दिवसापासून माहीत होतं तू तसा नाई. चोर असता तं मीच तुले डेपोत नेऊन सोडला असता. चोराले कोन ठेवते? तुह्यासारखा मानूस मले आता कुठी भेटन?"

मी गाडी तिथंच सोडून उतरायला पाहिजे होतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. तुम्हाला त्याच्या वखारीमागे राहायचं नव्हतं. मागून एक ट्रक येऊन थांबला आणि हॉर्न वाजवायला लागला, रस्ता सोडा म्हणून. मी गिअर टाकला आणि गाडी गोंडपिपरीकडे वळवली.

"आता हळू चालव," मालक मागे टेकून डोळे मिटत म्हणाला. "घाई कोनाले हाय?"